भोंगा झाला की थांबायचं

पियानो मी फळीवर शिकले. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता मलाच त्याचा कंटाळा आला आहे. लोक आधी हसतात, मग "फळीवर म्हणजे कसं?" असं विचारतात, आणि मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. जबलपूरच्या मराठी माणसानं हार्मोनियम वाजवावी, फार तर तबला. पियानो म्हणजे जरा अतीच झालं, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असतो. मलाही तो पटतो. पण झालं ते असंच झालं, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही जबलपूरजवळ खमरियाला दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा रेंजवर होते. फॅक्टरीत तयार झालेला माल बरोबर उडतो की नाही हे तिथे उडवून बघत. उडवायच्या आधी भोंगा व्हायचा, लांबलचक आणि खालच्या आवाजातला. भोंगा झाला की थोडी शांतता, आणि मग धडाका. तो कानांनी ऐकायच्या आधी तळपायाला कळायचा. फडताळातल्या कपबशा एकदा किणकिणायच्या आणि मग सगळं पूर्ववत.

बाहेरून आलेले पाहुणे दचकत. आम्ही दचकत नसू, आम्ही थांबत असू. भोंगा झाला की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्यावर थांबायचा. आई पोळी लाटता लाटता लाटणं वर धरायची. मास्तर फळ्यावर अर्धं अक्षर काढून उभे राहायचे. धडाका झाला की वाक्य होतं तिथून पुढे, पोळी होती तिथून पुढे. "काय बरं म्हणत होते मी?" असं कोणी विचारत नसे. एका लग्नात मी मंगलाष्टकं थांबलेली पाहिली आहेत. अंतरपाट धरलेला, नवरीच्या हातात हार, भटजी तोंड उघडं ठेवून उभे. धडाका झाला आणि "सावधान" पुरं झालं. नागपूरहून आलेली वऱ्हाडी मंडळी एकमेकांकडे बघत राहिली.

बाबांचा आवाज खर्जातला होता. फॅक्टरीतल्या मराठी लोकांच्या गणपतीत आरतीला सगळे वर वर चढत जायचे, शेवटच्या कडव्यापर्यंत निम्म्यांचे गळे बसायचे, आणि बाबा आपले एकटेच खाली असायचे. एका वर्षी मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून सिव्हिल लाइन्समधल्या एक बाई बोलावल्या होत्या. अँग्लो-इंडियन होत्या, वडील रेल्वेत होते, स्वतः चर्चच्या क्वायरच्या, म्हणजे तिथल्या गाणाऱ्या मंडळाच्या, प्रमुख. सगळे त्यांना मिस म्हणत, मीही मिसच म्हणत आले. स्पर्धा संपल्यावर त्या शिष्टाचार म्हणून आरतीला थांबल्या. आरती झाल्यावर गर्दीतून वाट काढत बाबांपाशी आल्या आणि म्हणाल्या, "आपका आवाज नीचे का है. मेरे पास नीचे का कोई नहीं बचा."

खरंच कोणी उरलं नव्हतं. क्वायर चार आवाजांत गाते, आणि त्यातले सगळ्यात खालच्या आवाजाचे पुरुष एकेक करून बायकापोरांसकट इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेले होते. मागची रांग रिकामी पडली होती.

"हम तो हिंदू हैं मिस," बाबा म्हणाले.

"वो मैं ऊपरवाले से बात कर लूँगी."

बाबा हसले, आणि म्हणाले, येतो, पण माझ्या पोरीला पियानो शिकवा. आई शेजारीच प्रसादाचं ताट घेऊन उभी होती. तिच्या हातून ताट पडायचंच बाकी राहिलं.

बाबांच्या डोक्यात हे आजचं नव्हतं. गोंदियाला लहानपणी त्यांनी रेल्वेवाल्यांच्या क्लबाच्या खिडकीबाहेर उभं राहून एकदा पियानो ऐकला होता. आत कोणीतरी फार सुंदर वाजवत होतं. मध्येच आतल्या माणसानं बाहेर उभा असलेला काळा पोरगा पाहिला आणि खिडकी लावून घेतली. ते वाजणं अर्धंच राहिलं. बाबा ही गोष्ट रागानं सांगत नसत, पण पुन्हा पुन्हा सांगत, आणि शेवटी म्हणत, "एकदा आत बसून ऐकायचं आहे. खुर्चीवर. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठं थांबणं नाही काही नाही." त्यांची एवढीच मागणी होती. दुसऱ्या कशाचा हट्ट त्यांनी केलेला मला आठवत नाही.

तर फळी. मिसकडे पियानो होता, आमच्याकडे कुठून येणार? बाबांनी खोक्याचं लाकूड रंधून एक लांब फळी केली. तापल्या सळईनं पांढऱ्या पट्ट्यांच्या रेघा ओढल्या, काळ्या पट्ट्यांच्या जागी लाकडाच्या चिपा ठोकल्या आणि त्यांना बुटाचं पॉलिश लावलं. सगळं माप मिसच्या पियानोचं. सराव करून उठले की माझी बोटं काळी झालेली असत आणि आई मला पिठाला हात लावू देत नसे. फळीतून आवाज यायचा तो फक्त माझ्या नखांचा.

बाबा ड्यूटीवरून आले की चहाचा कप घेऊन फळीच्या पलीकडे स्टुलावर बसत. त्यांना वेस्टर्नचं लिहिलेलं वाचता येत नव्हतं. पण मांडीवर बोटांनी मात्रा मोजत ते माझ्या बोटांकडे बघत, आणि थोड्याच दिवसांत त्यांना प्रत्येक चीज बोटांनी पाठ झाली. कुठे हात एकमेकांवरून जातात, कुठे डावा हात एकटा राहतो, सगळं. पहिली चाल फिरून परत आली की ते पंजा उघडून मांडीवर थाप मारत आणि म्हणत, "आलं घरी!" मध्ये भोंगा झाला की मी हात वर उचलायची. धडाका व्हायचा. मग बाबा म्हणायचे, "हं, घे समोर." आणि मी होतं तिथून पुढे घ्यायची.

खरा पियानो आठवड्यातून दोनदा, मिसच्या घरी. खमरियाहून बसनं जायचं, उतरून बरंच चालायचं, परत यायचं. मिस दोन ओळींच्या पुढे जाऊ देत नसत. "नो, नो, नो," म्हणत बोटांवर पेन्सिल टेकवत. म्हणजे घरी भोंगा थांबवायचा आणि तिथे मिस. अख्खी चीज सलग अशी माझ्या हातून कधी वाजतच नव्हती. बाबा तर त्या वेळेला रेंजवर असत. त्यांनी माझं वाजवणं बघितलं खूप, ऐकलं फार थोडं.

ते स्वतः रविवारी क्वायरला जात, आणि हळूहळू त्यांच्या मागोमाग फॅक्टरीतले आणखी लोकही जायला लागले. लॅटिन शब्द देवनागरीत लिहून घेतलेले. आई भाजी निवडता निवडता चिडवायची, "अहो, त्या भाषेतला देव तुमचं ऐकून राहिला का?" बाबा म्हणायचे, "ऐकते ना. त्याला सगळं समजते."

मग एकाहत्तरची लढाई आली. खरं तर ती आमच्याकडे लढाईच्या किती तरी आधीच आली. उन्हाळ्यापासूनच डबल ड्यूटी लागली. बाबा सकाळी जायचे आणि दिवेलागणी झाल्यावर यायचे, कधी तेव्हाही नाही. बसच्या काचांना काळा रंग, घराच्या काचांना कागदाच्या पट्ट्या, दिव्याला खोका. भोंगे इतके वाढले की आम्ही थांबून थांबून कंटाळलो. आईची पोळी करपायला लागली. मी फळीवर एक ओळ पुरी करू शकत नव्हते. बाबा ताटावर बसल्या बसल्या झोपायचे, घास हातातच. आई म्हणायची, "अहो, तुम्ही जेवून राहिले का झोपून राहिले?" ते डोळे न उघडता म्हणायचे, "दोन्ही."

त्या काळातलं मला दुसरं काही नीट आठवत नाही, फक्त दमणं आठवतं. लोक लढाईच्या आठवणी सांगतात तेव्हा त्यात केवढा जोर असतो. आमच्या क्वार्टरमध्ये जोर नव्हता. सगळी माणसं राखाडी दिसायची आणि कोणी कोणाशी भांडायचंही नाही, कारण भांडायलाही अंगात काही लागतं.

त्या हिवाळ्यात आम्ही वाल्टेअरला जाणार होतो. समुद्रकाठचं ते गाव, तिथेही मिसच्या ओळखीची रेल्वेची आणि चर्चची मंडळी होती. ती दर हिवाळ्यात एक संध्याकाळ क्वायरच्या गाण्याची ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पियानोची स्पर्धा. मिसनं क्वायरचं नक्की केलं होतं आणि स्पर्धेत माझं नाव दिलं होतं. बाबांना कोण आनंद! आत बसून, खुर्चीवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण लढाई सुरू झाली, सुट्ट्या रद्द झाल्या, किनाऱ्यावर अंधार केला गेला आणि तिकडून कळलं की यंदा काही नाही.

"पुढल्या वर्षी," बाबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

लढाई थोड्याच दिवसांत संपली. बाहेरच्यांना वाटतं, मग फॅक्टरीला आराम. कुठला आराम! जे संपलं ते पुन्हा भरायचं होतं. ते पुढचं वर्ष मला लढाईच्या वर्षापेक्षा लांब वाटलं.

त्याच वर्षी बाबा "काय?" म्हणायला लागले. आधी अधूनमधून, मग दर वाक्याला. रेडिओ इतका मोठा लावायचे की शेजारच्या भाभी दारात येऊन म्हणायच्या, "भैया, हमारा बंद कर दें क्या? आपका ही सुन लेंगे." रेंजवर सगळ्यांना कानात घालायला बोळे मिळत, घाला म्हणून ओरडूनही सांगत. बाबा ते खिशात ठेवायचे. कान बंद केले की जवळच्या माणसाचं बोलणं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आईनं धुण्यात खिसे उलटे केले की बोळे निघत, नवे कोरे. ती ते त्यांच्या समोर नेऊन ठेवायची आणि ते हसायचे. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

डॉक्टरांनी सांगितलं, डावा गेला, उजवाही जाऊन राहिला आहे, आता रेंज पुरे. त्यांना स्टोअरमध्ये बदललं. घरी आल्यावर बाबांनी आम्हाला सांगितलं, "उजवा शाबूत आहे. एका कानानं माणूस आरामात ऐकते."  मी फळी पुसत होते तेव्हा आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "यंदा यांना घेऊन जा बाई वाल्टेअरला. यंदा नाही गेले, तर मग नेऊन काय करायचं?"

मला ते पुरेपूर कळलं. स्पर्धेत नंबर येतो की नाही याचं मला कधीच फारसं काही नव्हतं, आणि आता तर मुळीच राहिलं नाही. बाबांचा तो उरलेला कान आहे तोवर एकदा अख्खी चीज त्यांच्या कानावर पडली पाहिजे, एवढंच डोक्यात राहिलं. रोज बसमधून येता-जाता मी मांडीवर बोटं चालवत बसायची. शेजारची बाई जरा सरकून बसायची.

सुट्टीवरून स्टोअरच्या साहेबांनी बाबांना छळलं. "गाना गाने के लिए छुट्टी? कमाल है यार." बाबांनी दिवाळीचे सगळे दिवस काम केलं, दुसऱ्यांच्या पाळ्या घेतल्या, तेव्हा कुठे साहेब विरघळले. आमच्या घरी त्या वर्षी फराळाचा डबा दिवाळी सरली तरी भरलेला होता. खायला कोणाला वेळ नव्हता.

क्वायरची तालीम चालूच होती. मिसनं बाबांना मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत आणलं. खालच्या आवाजाची माणसं मागे उभी राहतात, हे मला माहीत होतं. बाबा उंचही होते. मी मिसना विचारलं तर म्हणाल्या, "वहाँ से मेरा हाथ दिखता है उनको." मला वाटलं, ठीक आहे. दमलेल्या माणसाला सगळंच ठीक वाटतं.

निघायच्या दिवशी आई दारात उभी होती. तिला गाडी लागायची, म्हणून ती येणार नव्हती. मला जवळ घेऊन एवढंच म्हणाली, "जोरानं वाजव बरं."

छोट्या लाईननं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं रायपूर, तिथून वाल्टेअर. क्वायरची मंडळी डब्यात गात होती, पत्ते खेळत होती. बाबा खिडकीला डोकं टेकून झोपले ते जवळजवळ वाल्टेअरलाच उठले. मी फळी बरोबर घेतली होती. ती मांडीवर घेऊन बसले की टी.सी.पासून शेंगदाणेवाल्यापर्यंत सगळे विचारायचे. मी सगळ्यांना सांगितलं, पोळपाट आहे.

उतरल्यावर संध्याकाळच्या गाण्याआधी आम्ही दोघं समुद्रावर गेलो. बाबांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला, मीही. तिथला किनारा खडकाळ आहे, लाटा दणादण आपटत होत्या, बोलायचं तर ओरडावं लागत होतं. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "किती शांत आहे इथं."

मला वाटलं, रेंजच्या मानानं म्हणत असतील. फॅक्टरीतून बाहेर पडलेल्या माणसाला कुठलीही जागा शांतच वाटणार. मी हो म्हटलं.

क्वायर चांगली झाली. टेकडीवरच्या हॉलमध्ये, खिडक्या बंदराच्या बाजूला उघड्या. बाबा पुढच्या रांगेत उभे होते आणि त्यांची नजर मिसच्या हातावरून एकदाही हलली नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मिस रडल्या. त्यांच्या क्वायरमध्ये आता अर्धी फॅक्टरी होती, आणि तरी ती क्वायर होती, याचं ते रडणं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा. मिसनं बाबांना पहिल्या रांगेत, कडेची खुर्ची मिळवून दिली, उजवा कान स्टेजकडे येईल अशी. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसल्यावर त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवरून हात फिरवले आणि माझ्याकडे बघून हसले. मग मी पियानोवर बसले तसे त्यांनी डोळे मिटले. भजनाला बसायचे तेव्हापासूनची त्यांची ती सवय होती. खरं ऐकायचं असलं की डोळे मिटायचे.

मी सुरू केलं. जोरानं, आईनं सांगितलं होतं तसं. पट्ट्या मऊ होत्या, आवाज मोठा, हॉल भरून जात होता, आणि मला पहिल्यांदाच कळलं की ही चीज इतकी सुंदर आहे. संथ पहिली चाल, मग मधला धावता भाग, मग पहिली चाल फिरून घरी. पहिली चाल झाली. मी मधल्या भागात शिरले, हात धावायला लागले, कुठे अडत नव्हते. कडेनं मला बाबा दिसत होते, मांडीवर बोटं चाललेली. मनात म्हटलं, आता सलग होणार, कोण थांबवतंय!

आणि बंदरातून भोंगा झाला.

जहाजाचा होता. लांबलचक, खालच्या आवाजातला, अगदी आमच्याच जातीचा. मी विचार केला आणि थांबले, असं झालं नाही. माझे हात आपोआप उचलले गेले. इतकी वर्षं जे केलं तेच त्यांनी केलं. ते पट्ट्यांवर अधांतरी धरून मी धडाक्याची वाट बघत बसले. बाबांच्या मागे बसलेल्या आमच्या क्वायरमधल्या फॅक्टरीच्या एका बाईनं हातातला कागदाचा पंखा तसाच धरून ठेवला होता, हे मला अजून दिसतं. बाकीचा हॉल माझ्याकडे बघत होता. धडाका झाला नाही. कसा होणार? तिथे कोण उडवत होतं?

माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पुढे काय घ्यायचं ते डोक्यातून पार गेलं. धडाका झाला नाही, म्हणजे "घे समोर"ही झालं नाही, आणि ते ऐकल्याशिवाय मी कधी पुढे गेलेच नव्हते. मी बाबांकडे बघितलं. ते म्हणतील, निदान ओठांनी तरी म्हणतील.

बाबांचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर हसू होतं. आणि त्यांची बोटं मांडीवर चालली होती. एक, दोन, तीन, मान त्या तालावर हलत होती. सबंध हॉलमध्ये कोणी चकार शब्द काढत नव्हतं, पियानो बंद होता, आणि बाबा त्या शांततेत माझं वाजवणं ऐकत होते.

त्यांना भोंगा ऐकू आला नव्हता. मी थांबले तेही ऐकू आलं नव्हतं. म्हणजे त्याआधी मी जे एवढं जोरानं वाजवलं, तेही नाही. घरी माझी बोटं त्यांच्या डोळ्यांसमोर असायची आणि धडाका तळपायातून यायचा, त्यावर त्यांनी आमच्यापुढे किती दिवस निभावून नेलं होतं कोण जाणे. उजवा शाबूत आहे!  मला तिथेच, त्या स्टुलावर, मोठ्यानं रडावंसं वाटलं. उशीर झाला होता. आम्ही एवढ्या लांबून उशिराच आलो होतो.

मिस तिसऱ्या रांगेत अर्धवट उठल्या होत्या. परीक्षकांपैकी एकानं घसा खाकरला. बाबांची बोटं चाललीच होती, मधल्या भागाच्या शेवटाकडे, मला ती ओळखीची होती. इथे डावा हात एकटा, इथे दोन्ही. मग त्यांनी हात जरा वर उचलला, पंजा उघडला आणि मांडीवर थाप मारली.

आलं घरी.

मी त्या थापेवर पहिली चाल घेतली. मधला भाग निम्मा गळला, त्याला आता काही करता येण्यासारखं नव्हतं. माझी नजर पट्ट्यांवर नव्हती, बाबांच्या बोटांवर होती. ते जरा संथ झाले, मी झाले. शेवटी त्यांचा हात मांडीवर पसरून थांबला, तेव्हा मीही थांबले. त्यांनी डोळे उघडले, माझे हात मांडीवर बघितले आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

नंबर अर्थातच आला नाही. परीक्षक भले होते. मुलीचा हात चांगला आहे पण मध्ये विसरली, असं त्यांनी मिसना सांगितलं. मिस भोंग्याचं काही बोलल्या नाहीत. समुद्रकाठच्या माणसांना काय समजावणार? बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला धरलं आणि म्हणाल्या, "बेटा, वो तो जहाज था."

"मालूम है मिस."

मग त्यांनी बाबांकडे बघितलं, ते पायऱ्यांवर उभे राहून चप्पल घालत होते. "उनके कानों का भी मुझे मालूम था," त्या म्हणाल्या. "बहुत दिन से. उन्होंने कसम दी थी, तुमको नहीं बताने की." मला त्यांचा राग यायला हवा होता. पण इतकी दमले होते की तोही आला नाही.

मी पायऱ्या उतरून खाली गेले. बाबा बंदराकडे बघत होते. तिथून पुन्हा तो भोंगा झाला, खिडकीची तावदानं थरथरली, वर बसलेली कबुतरं उडाली. बाबा होते तसेच उभे होते. मी खांद्याला हात लावला तेव्हा वळले. मी त्यांचं तोंड इतकं उजळलेलं कधी पाहिलं नव्हतं, लढाईच्या आधीही नाही.

"आज ऐकलं पोरी," ते म्हणाले. "आत बसून. पहिल्यापासून शेवटपर्यंत." मग माझे दोन्ही हात हातात घेऊन, सकाळच्या फळीवरच्या सरावानं काळ्या झालेल्या बोटांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "कुठंच थांबली नाही तू."

उन्हामुळे त्यांना माझा चेहरा नीट दिसत नव्हता. मी फिरून त्यांच्या पुढ्यात आले, ओठ दिसतील अशी, आणि सावकाश म्हटलं, "नाही थांबले, बाबा."